विहिरीची वही

सहावी-सातवीच्या मुलांना जलचक्र काढायला सांगितलं की बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटतं. दोन डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, समुद्रावरून वर जाणारे बाण, ढग, तिरपा पाऊस आणि वळणं घेत समुद्राकडे परतणारी नदी. रंग छान भरलेले असतात. जमिनीची रेघ मात्र कागदाच्या अगदी तळाशी असते आणि तिच्याखाली जागा उरलेली नसते. उरलीच तर तिथे एक निळा पट्टा ओढून त्यावर ‘भूजल’ असं लिहिलेलं असतं. माणदेशातल्या, आष्टी-पाटोद्याकडच्या किंवा सिन्नरच्या पूर्वेकडच्या मुलाने समुद्र बहुधा पाहिलेला नसतो. त्याच्या गावचा ओढा दिवाळीनंतर कोरडा असतो. घरातलं पिण्याचं पाणी, गोठ्यातलं पाणी, कांद्याला आणि डाळिंबाला दिलेलं पाणी, हे सगळं त्या रेघेखालून आलेलं असतं. त्याच्या पुस्तकात नेमकं तेवढंच राहून गेलेलं असतं.

पाणी शिकवायचं असेल तर त्या रेघेखालून सुरुवात करायला हवी, आणि ते मोजायची गोष्ट म्हणून शिकवायला हवं, असं मला वाटतं. आज आपण ते वागणुकीची गोष्ट म्हणून शिकवतो. दात घासताना नळ बंद ठेवा, बादलीने आंघोळ करा, गळका नळ दुरुस्त करा. या सवयी चांगल्याच आहेत आणि शहरात त्यांना मोल आहे. पण जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला आहे, आणि त्या उपशातला ८५ टक्क्यांहून जास्त वाटा शेतीला जातो. ज्या गावात ५ अश्वशक्तीची एक मोटर तासाला १५ ते २० हजार लिटर पाणी ओढते, त्या गावातल्या मुलीला दोन तांबे वाचवण्याची शपथ दिली की ती शपथ प्रामाणिकपणे पाळते. तिच्या विहिरीचं काय होतंय हे मात्र तिला कळत नाही. पाण्याचा प्रश्न आपल्या आळसामुळे निर्माण झाला, एवढंच तिच्या मनावर ठसतं. लहान मुलांच्या खांद्यावर ठेवायला हे ओझं चुकीचं आहे.

महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा विषय आला तेव्हा त्यात प्रत्यक्ष काम करायला जागा ठेवली गेली. ती जागा कशी वापरायची हे शिक्षकावर आहे. २ फेब्रुवारीचा पाणथळ दिन आणि २२ मार्चचा जलदिन यांच्या प्रभातफेऱ्या आणि भित्तिपत्रकं यांतच ती संपली तर फार काही हाती लागत नाही. एक वही, एक दोरी आणि गावातल्या पाच-सहा विहिरी एवढ्यावर हे काम वर्षभर चालू शकतं.

आधी खडक समजायला हवा. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट थिजला, तोच काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. सगळ्यांत वर माती आणि तिच्याखाली झिजून भुसभुशीत झालेला मुरूम. नवी विहीर खोदली जात असेल तेव्हा मुलांना कठड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं करून हे थर दाखवावेत. तशी संधी नसेल तर रस्त्यासाठी फोडलेली टेकडी किंवा घाटातली कड पुरते. अशी उभी कड मुलं रोज एसटीतून पाहत असतात. तिच्याकडे पाण्याचं घर म्हणून बघायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

आता प्रश्न येतो तो पाणी या खडकात राहतं कुठे. मुलांची उत्तरं ठरलेली असतात: जमिनीखाली नदी आहे, तळं आहे, शीर आहे. यात पाणाड्याच्या बोलण्याचाही वाटा असतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला किंवा कडुनिंबाची बेचकी फिरली की तो सांगतो, इथे तीन धारा एकत्र येतात. त्या पद्धतीला शास्त्राचा आधार सापडलेला नाही. पण वर्गात त्या माणसाची टर उडवू नये. एक तर तो वर्गातल्याच कुणाचा तरी आजा असतो. दुसरं म्हणजे आपल्या खडकात पाणी खरोखरच फटींमधून, सांध्यांमधून आणि मुरमातून हलतं, त्यामुळे ‘शीर’ म्हणण्यात निरीक्षणाचा अंश आहे. चूक आहे ती न संपणाऱ्या नदीची कल्पना. ती बदलण्यासाठी एक तराजू पुरतो. कोरडी पक्की वीट, काळ्या पाषाणाचा तुकडा आणि मांजऱ्याचा तुकडा यांची वजनं करावीत, रात्रभर तिन्ही पाण्यात बुडवून ठेवावेत आणि सकाळी फडक्याने पुसून पुन्हा वजन करावं. तीन किलोची वीट सहज तीनशे-चारशे ग्रॅम पाणी पिऊन बसते. पाषाणाचं वजन जवळपास होतं तेवढंच राहतं. मांजऱ्या या दोघांच्या मध्ये कुठेतरी. आपलं गाव कशावर वसलं आहे हे त्या वजनातून मुलांना समजतं.

भूवैज्ञानिक हीच गोष्ट आकड्यात मांडतात. बेसॉल्टमधल्या पाणी धरणाऱ्या थरातून शंभर घनमीटर खडकामागे साधारण एक ते तीन घनमीटर पाणीच काढता येतं. तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. तिथे खारपाणपट्ट्यासारख्या भागात प्रश्न वेगळा आहे: पाणी आहे, पण खारट आहे. बेसॉल्टमधल्या या लहान आकड्याचा परिणाम मोठा होतो. समजा वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ५० मिलिमीटर, खाली मुरला. खडकाची धारणक्षमता २ टक्के धरली तर पाण्याची पातळी किती चढेल? ५० भागिले ०.०२, म्हणजे २,५०० मिलिमीटर. अडीच मीटर. चांगल्या पावसात आपल्या विहिरी भराभर का भरतात आणि तेवढ्याच झपाट्याने तळ का गाठतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे. नववीच्या मुलाला हा भागाकार येतो. गावातल्या मोठ्या माणसांपैकी फार थोड्यांनी तो कधी करून पाहिलेला असतो.

बोअरचा विषय इथेच निघतो. विहीर आटली की माणूस बोअर घेतो, दोनशे फुटांवर लागलं नाही तर पाचशेपर्यंत जातो. खालच्या फटींत कधी पाणी लागतं, पण ते तिथे पोचायला किती काळ लागला असेल आणि पुन्हा भरायला किती लागेल याचा अंदाज शेतकऱ्याला नसतो. शिवाय वरच्या थराला नीट केसिंग नसलेलं बोअर मुरमातलं पाणी खालच्या फटींत उतरवतं, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी काहीही न उपसता कमी होतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, ही तरतूद तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. मुलांनी गावाच्या नकाशावर पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून पाहावं आणि त्या वर्तुळात काय काय आहे याची नोंद करावी. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

आता वही. तिच्यातला पहिला रकाना विहिरीतल्या पाण्याच्या पातळीचा. लांब सुतळीला वजन बांधायचं, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची आणि मोज नेहमी कठड्यावरच्या एकाच ठिकाणाहून घ्यायची. त्या जागी ऑइलपेंटने खूण करून ठेवावी. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते कळतं. वेळ सकाळची, मोटर सुरू व्हायच्या आधीची. उपसा चालू असताना घेतलेली मोज फसवी असते, कारण त्या वेळी विहिरीतलं पाणी आजूबाजूच्या खडकातल्या पाण्याच्या खाली गेलेलं असतं. मोजायला मोठं माणूस सोबत हवंच. कठडा नसलेली विहीर यादीत घ्यायची नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही हेच करते. राज्याची विभागणी दीड हजारांहून जास्त पाणलोटांत केलेली आहे आणि साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. शाळेने याच चार महिन्यांत मोज घेतली तर मुलांचा आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येतो, आणि मुलांना त्याचा फार अभिमान वाटतो.

सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. मघाची ५ अश्वशक्तीची मोटर ते दीड-दोन तासांत संपवते. शेतकरी म्हणतो, ‘विहीर दोन तास चालते, मग दम घेते.’ हा दम घेण्याचा वेळ हीच खरी माहिती आहे. विहीर ही साठवणीची टाकी नाही. ती खडकात उघडलेली खिडकी आहे आणि साठा भोवतालच्या खडकात आहे. मोटर बंद केल्यापासून पातळी पूर्ववत यायला किती तास लागले हे ऑक्टोबरात आणि मार्चात मोजलं तर खडक किती रिकामा झाला ते समजतं. शेतकऱ्याला हे अंगवळणी पडलेलं असतं, त्याने फक्त ते कधी लिहून ठेवलेलं नसतं.

दुसरा रकाना पावसाचा. सरळ भिंतीची, सपाट तळाची बाटली, मोकळी जागा आणि रोज सकाळी साडेआठला मोज. हवामान खातं हीच वेळ पाळतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की मुलं आपोआप शाळेच्या छपराचं गणित करतात: १०० चौरस मीटर छप्पर, ५०० मिलिमीटर पाऊस, ५० हजार लिटर. थोडं वाया गेलं तरी ४० हजार हाती येतात.

तिसरा रकाना मला सर्वांत आवडतो, कारण तो मोजपट्टीशिवाय भरता येतो. मुलांनी घरातल्या आजीला विचारायचं: तुझं लग्न होऊन या गावात आलीस तेव्हा ओढा कुठल्या सणापर्यंत वाहायचा? उत्तर तारखेत येत नाही. ते दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा असं येतं. आणि आता? पोळा, फार तर दसरा. पाऊस थांबल्यानंतर ओढ्यात जे पाणी वाहतं ते आभाळातलं नसतं, ते जमिनीतलं असतं. काठावरच्या विहिरींची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असते तोवर ते झिरपत राहतं. ती खाली गेली की ओढा थांबतो. म्हणजे ओढा आटण्याचा सण हे भूजलाचं मापच झालं. वीस-पंचवीस घरांतली उत्तरं फळ्यावर लिहून काढली की आजीच्या पिढीपासून नातवाच्या पिढीपर्यंत ओढा किती महिने मागे सरकला ते दिसतं. कुठल्याही खात्याच्या नोंदवहीत हा आकडा नाही. पावसाचं मान तेच असेल आणि ओढा तीन महिने लवकर आटत असेल, तर मधल्या काळात काय बदललं, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. मग विहिरींची संख्या, मोटरींची संख्या, पिकं, बोअर हे सगळं पुढे येतं.

आता तलावाकडे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव बांधले गेले. यातले कित्येक जानेवारीतच कोरडे पडतात आणि लोक म्हणतात, तलाव फुकट गेला, पाणी टिकत नाही. पाझर तलावाचं पाणी टिकणं अपेक्षितच नाही. ते बांधाखालच्या विहिरींत उतरायला हवं. ते उतरतं की उन्हाने उडून जातं हे शोधायला दोन काठ्या पुरतात. एक काठी खुणा करून पाझर तलावात रोवायची. दुसरी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात, पण तिथे तळ टोचला जाऊ नये म्हणून काठी काठावरून टांगायची. ज्या आठवड्यात दोन्हींतून उपसा नाही आणि पाऊस नाही असा आठवडा निवडायचा. शेततळ्याची पातळी जेवढी उतरली ती फक्त बाष्पीभवनाने, कारण खाली प्लास्टिक आहे. पाझर तलावाची त्यापेक्षा जेवढी जास्त उतरली तेवढं पाणी जमिनीत गेलं. रोज ६ मिलिमीटर आणि रोज १४ मिलिमीटर असा फरक आला तर ८ मिलिमीटर विहिरींच्या वाट्याला गेले. फरक फारसा आला नाही तर तळात गाळ बसला आहे आणि पाझर बंद झाला आहे. इतक्या साध्या साधनातून इतकं खरं उत्तर देणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

याच प्रयोगातून एक अवघड प्रश्न निघतो. शेततळी पावसाचं वाहतं पाणी अडवण्यासाठी म्हणून अनुदानाने आली. दुष्काळी तालुक्यांत त्यातली पुष्कळशी विहिरीतून आणि बोअरमधून पाणी उपसून भरली जातात. जमिनीखाली, उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उघड्यावर ठेवलं जातं. आपल्या दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्यातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाणी उडून जातं. ज्याच्याकडे तळं आहे त्याची डाळिंबाची बाग मे महिन्यात वाचते. ज्याच्याकडे नाही त्याची विहीर फेब्रुवारीतच थांबते. बागवाल्याचं चुकतं असं मुलांना सांगून प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या डोक्यावर कर्ज असतं आणि बाग जळाली तर तो उभा राहू शकत नाही. पण साठा सगळ्यांचा आणि उपसा एकाचा, हे दोन काठ्यांमधून दिसलेलं असताना ते झाकूनही ठेवू नये.

पाणथळ जागा मुलांना शिकवताना पुस्तकात बहुधा लांबची नावं येतात. पण रामसरची व्याख्या ऐसपैस आहे. इराणमधल्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी जो करार झाला त्यानुसार नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायमची किंवा हंगामी, गोडी किंवा खारी, अशी कुठलीही पाण्याने भिजलेली जागा पाणथळ ठरते. समुद्रालगत असेल तर ओहोटीला सहा मीटर खोलीपर्यंत. या व्याख्येत गावतळं बसतं, पाझर तलावाचा उथळ शेपटाकडचा भाग बसतो, कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात भरणारी डबकीसुद्धा बसतात. आपल्याकडचे २०१७ चे पाणथळ नियम मात्र माणसाने खास पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतून वगळतात. महाराष्ट्रात हे विचित्र होतं, कारण इथल्या मोलाच्या पाणथळ जागांपैकी बऱ्याच माणसानेच पाण्यासाठी बांधलेल्या आहेत.

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिंचनासाठी बंधारा घातला. त्यात गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं, लव्हाळी आणि पाणवनस्पती वाढल्या. साठवणीच्या हिशेबात हे नुकसान होतं. पक्ष्यांनी मात्र त्या जागेत घर केलं. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. मुलांना तिथे सहलीला नेलं तर पक्ष्यांची नावं पाठ करून घेण्याऐवजी एक काम द्यावं: कुठला पक्षी पाण्यात किती खोल उभा आहे ते लिहा. तुतवार काठाच्या चिखलात, शेकाट्या त्याच्या लांब गुलाबी पायांच्या मध्यापर्यंत, चित्रबलाक आणखी आत, आणि टिबुकली बुडी मारण्याएवढ्या पाण्यात. तासाभरात तळ्याच्या तळाचा नकाशा कागदावर उतरतो. मग आपल्या गावच्या तलावाकडे परत यायचं. गाळ काढताना यंत्राने चारी बाजू उभ्या कापल्या असतील तर तलावात पाणी जास्त मावतं, आणि काळ्या चिकण गाळाने बंद झालेला पाझरही मोकळा होतो. हा फायदा खरा आहे. पण तुतवाराला उभं राहायला जागा उरत नाही, माशांना अंडी घालायला गवताळ काठ उरत नाही, आणि ओढ्याने आणलेला गाळ अडवणारी लव्हाळीही नाहीशी होतात. एक बाजू उथळ, उतरती ठेवून गाळ काढता येतो. त्यासाठी कंत्राटात एक ओळ लिहावी लागते, आणि ती ओळ लिहायला सांगणारं कुणीतरी ग्रामसभेत असावं लागतं.

तलावाचा काठ राखण्याचं हे ज्ञान पूर्व विदर्भात जुनं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. पुढे मालगुजारी, म्हणजे तिथली जुनी जमीनदारीची पद्धत, १९५०-५१ च्या सुमारास संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’ असं नाव पडलं. त्या तलावांवर धान पिकतं, शिंगाडा लावला जातो, ढिवर समाज मासेमारी करतो आणि महाराष्ट्रात सारस उरला आहे तो गोंदिया-भंडाऱ्याच्या याच धानपट्ट्यात. मालकी बदलल्यावर देखभाल सुटली, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले आणि देशी मासे कमी झाले. तिथल्या काही तलावांत ढिवर मासेमारांनी अभ्यासकांच्या सोबतीने बेशरम उपटून देवधानासारख्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती पाण्याखालची, कुठली तरंगणारी, कुठली काठाची आणि कुठल्या माशाला कुठली लागते, हे त्या समाजातल्या बायका-पुरुषांना पाठ होतं. त्या भागातल्या शाळेला पाणथळ जागा शिकवायला बाहेरून तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. ढिवर मोहल्ल्यातल्या माणसाला वर्गात खुर्ची द्यावी आणि त्याच्या समोर बसून ऐकावं.

एवढं झालं की वहीच्या शेवटच्या पानांवर गावाचा जमाखर्च मांडता येतो. समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावावर एकूण ४५० कोटी लिटर पाणी पडलं. आकडा ऐकून मुलं हरखतात. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरलं तर विहिरींना मिळाले ४५ कोटी. गावात १,५०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला तीन कोटी. मोठी जनावरं ६००, प्रत्येकी ५० लिटर, एक कोटी. उरले ४१ कोटी. यात ऊस लावायचा तर हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर लागतात, म्हणजे सगळ्या गावाचं भूजल जेमतेम वीस हेक्टर उसाला पुरेल. तेच पाणी हेक्टरी पन्नास लाखांनी कांद्याला दिलं तर ऐंशी हेक्टर भिजेल. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि एखाद-दुसऱ्या पाण्यावर येते, तिचं क्षेत्र यापेक्षा कितीतरी जास्त निघतं. प्रत्येक गावाचे आकडे वेगळे येतील. मुरण्याचं प्रमाणही खडकाप्रमाणे बदलेल. पण पहिल्यांदा हा हिशेब फळ्यावर मांडला जातो तेव्हा पिण्याच्या पाण्याचा आकडा किती लहान आहे याकडे मुलांचं लक्ष जातं. चार कोटी पाणी माणसांना आणि जनावरांना पुरतं, मग टँकर का येतो? या प्रश्नाला शिक्षकाने घाबरू नये.

अशा हिशेबावर गावं चालली आहेत. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पावसाच्या आकड्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा निर्णय तिथे पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने घेतला आणि पाळला. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळाने हादरलेल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. साळुंखे इंजिनिअर होते, कारखानदार होते. त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीशी बांधला नाही, माणसाशी बांधला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. ब्रिटिशांच्या १८८२ च्या कायद्यापासून आपल्याकडे ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी हा समज घट्ट बसला आहे. नायगावने त्या समजाला शेतात उत्तर दिलं. पाण्यावरचा धडा शिकवताना हा निर्णय शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात तंत्रज्ञान कमी आणि न्यायाची समज जास्त आहे, आणि ती समज चौदाव्या वर्षी नीट रुजते.

अडचण अशी की जमाखर्चाच्या वहीत गावातल्या बलवान माणसाचा ऊस किंवा त्याचं शेततळं येणारच. शिक्षकाला त्याच गावात राहायचं असतं. म्हणून वहीत नावं लिहू नयेत. पिकाचं एकूण क्षेत्र, विहिरींची एकूण संख्या आणि पातळ्या लिहाव्यात. पहिल्या वर्षी फक्त सार्वजनिक विहीर, शाळेजवळची एखादी विहीर आणि ज्यांची मुलं वर्गात आहेत अशा दोन-तीन शेतकऱ्यांच्या विहिरी घ्याव्यात, त्यांची परवानगी घेऊन. आडसाली उसाचं गाव असो की कांद्याचं, आपल्याच विहिरीचा चार महिन्यांचा आलेख पाहायला शेतकरी उत्सुक असतो. पाहिल्यावर तो शेजाऱ्याच्या विहिरीचा आलेख मागतो.

आणखी एक अडचण साधी, पण सगळ्या कामावर पाणी पाडणारी आहे. चार मोजण्यांतली सर्वांत महत्त्वाची मोज मे महिन्यातली, आणि १ मेला निकाल लागून शाळा बंद होते ती जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात त्याच्याही नंतर. ऑक्टोबरात पातळी किती होती आणि मेअखेर किती उतरली या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर वर्षाचा सगळा हिशेब उभा आहे. म्हणून एप्रिलमध्येच ठरवून घ्यावं की कुठली विहीर कुणाकडे. विहिरीच्या सर्वांत जवळ ज्याचं घर त्याच्याकडे ती मोज, सोबतीला घरातलं एक मोठं माणूस, आणि तारीख सगळ्यांना एकच, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. दोरी आणि वही शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नये. दोरी मुलांकडे द्यावी आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, कारण दहावीची मुलं पुढे गाव सोडून जातात आणि जूनमध्ये नवा वर्ग येतो तेव्हा मेचा आकडा त्याला भरलेला मिळायला हवा.